मागची खोली : नागपूरच्या सदरमधील एका ख्रिस्ती मंडळीच्या वस्तू-सेवेचा अनुभव

सासूबाईंच्या निधनानंतर आठ महिने त्यांची आलमारी मी उघडली नव्हती. यंदा लेंटच्या, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळाच्या, पहिल्या आठवड्यात ती उघडली, आणि तिच्यापाठोपाठ दिवाणाचा कप्पा, स्वयंपाकघरातला सज्जा आणि कूलर ठेवतो त्या माळ्यावरची चार खोकीही उघडावी लागली. मेकोसाबागेतले आमचे घर तीन खोल्यांचे, राहणारे आम्ही दोघे. तरी त्यातून पिशवीबाहेर कधीच न आलेल्या चौदा चादरी, आहेरात आलेले तीन डिनर सेट, नऊ स्वेटर, पाच थर्मास आणि दोन कुकर निघाले. हे सारे कोणाच्या तरी उपयोगी पडावे म्हणून मी ज्या सेवेकडे गेले तिच्याविषयी हा अभिप्राय आहे. गेल्या तीन महिन्यांत मी तेथे अकरा शनिवार गेले आहे, त्यामुळे हे मत एका भेटीवरून बनलेले नाही.

सदर भागातील एका मंडळीच्या (चर्चच्या) आवारात, उपासनेच्या इमारतीमागे, पूर्वी संडे स्कूल भरत असे त्या दोन खोल्यांत ही सेवा चालते. तिला औपचारिक नाव नाही. मंडळीतले लोक तिला ‘मागची खोली’ म्हणतात आणि आसपासच्या वस्त्यांतही ती याच नावाने माहीत आहे. दर शनिवारी दुपारी तीन ते सहा ती उघडी असते. महिला संघाच्या चार-पाच जणी, एक निवृत्त रेल्वे फिटर आणि शिवणकाम करणाऱ्या एक बाई मिळून ती सांभाळतात. देणाऱ्याकडून काही घेतले जात नाही. घेणाऱ्याकडून वस्तूमागे पाच ते पन्नास रुपये घेतले जातात, आणि ज्याला तेवढेही जड आहे त्याला कारण विचारले जात नाही.

जुन्या वस्तू स्वीकारणाऱ्या जागा शहरात पूर्वीही होत्या आणि आजही आहेत. केंद्र सरकारच्या मोहिमेतून २०२३च्या मे महिन्यात देशभरातील शहरांत जुन्या वस्तू जमा करण्याची केंद्रे सुरू झाली. अनेक गावांत माणुसकीच्या भिंती उभ्या राहिल्या. या खोलीचे वेगळेपण दारातच आहे. तेथे एक लांब टेबल मांडलेले असते आणि आपण आणलेली प्रत्येक वस्तू आपल्यासमोर त्यावर ठेवून तपासली जाते. स्वेटर उजेडासमोर धरून त्याला कसर लागली आहे का ते पाहतात, पिशवीची चेन दोनदा मागेपुढे करतात, शर्टची बटणे मोजतात, थर्मासमध्ये गरम पाणी ओतून तो बाजूला ठेवतात. मग वस्तूंचे तीन भाग होतात : लगेच देण्याजोग्या, दुरुस्त करून देण्याजोग्या, आणि परत नेण्याच्या. हा तिसरा भाग हीच या सेवेची सर्वांत मोठी गोष्ट आहे, असे माझे मत झाले आहे.

पहिल्या शनिवारी मी चार गाठोडी घेऊन गेले आणि त्यांपैकी दीड गाठोडे परत घेऊन आले. टेबलाशी बसणाऱ्या काकूंनी एक चादर उलगडली. मधोमध विरलेली, कडेला हळदीचा डाग. त्यांनी आवाज न चढवता विचारले, “बाई, ही चादर तुम्ही तुमच्या नणंदेला दिली असती का?” मी नाही म्हणाले. त्यांनी तिची व्यवस्थित घडी घातली आणि माझ्या हातात दिली. त्या वेळी मला वाईट वाटले; आपण चांगल्या मनाने आणलेले नाकारले जात आहे, असे वाटले. घरी आल्यावर लक्षात आले की त्या दीड गाठोड्यातील एकही वस्तू मी चांगल्या मनाने दिलेली नव्हती. टाकून द्यायला जीव धजत नव्हता, एवढेच तिचे कारण होते.

हा भेद मला आधीच कळायला हवा होता, कारण मी तो डोळ्यांनी पाहिला होता. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, त्यानंतर शहरभर मदत गोळा झाली. अशाच एका मदतकेंद्रावर मी दोन दिवस काम केले. तेथे आलेल्या कपड्यांच्या ढिगात जरीच्या फाटक्या साड्या, एकाच पायाचे बूट, इलास्टिक गेलेली अंतर्वस्त्रे आणि लग्नातले फेटे होते. ज्या बाईच्या घरात गुडघाभर गाळ होता तिला सुती गाऊन, कोरडा टॉवेल आणि झाडू हवा होता. आठवड्याने तो ढीग तेथेच ओला होऊन कुजला आणि शेवटी कचऱ्याच्या गाडीत भरून न्यावा लागला. आमच्या घरांतील अडगळ कमी झाली, आणि तीच अडगळ आधीच बुडालेल्या माणसांच्या दारात जाऊन पडली.

या पार्श्वभूमीवर बायबलमधील लूककृत शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायातील अकराव्या वचनाकडे मी पुन्हा पाहिले. लोक बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाला विचारतात की आम्ही काय करावे, आणि तो उत्तर देतो की ज्याच्याजवळ दोन अंगरखे आहेत त्याने ज्याच्याजवळ एकही नाही त्याला एक द्यावा. लहानपणापासून हे वचन ऐकताना मी नकळत असे धरून चालत असे की द्यायचा तो जुना अंगरखा. योहान तसे कुठेही म्हणत नाही. दोन अंगरखे, दोन्ही वापरण्याजोगे, आणि त्यातला एक दुसऱ्याचा. लेवीय पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायातील नियमही असाच आहे : शेताच्या कडेचे पीक कापू नका, ते गरिबांसाठी आणि परक्यांसाठी राहू द्या. कडेचे कणीस मधल्या कणसासारखेच भरलेले असते. मळणीनंतर उरलेले भूस वाटा, असे तो नियम सांगत नाही. बायबलमधल्याच गरीब परदेशी विधवा रूथने बवाजाच्या शेतात जे वेचले ते खाण्याजोगे सातू होते. काकूंचा नणंदेचा प्रश्न हाच नियम घरगुती भाषेत विचारतो, आणि म्हणून मी त्याला या सेवेचा आत्मा मानते.

ही मंडळी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची आहे, आणि त्या संस्थेची स्थापना २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा मंडळ्यांच्या ऐक्यातून याच नागपुरात झाली, ही गोष्ट आपल्या शहरातील ख्रिस्ती लोक अभिमानाने सांगतात. ज्या अँग्लिकन कम्युनियनची, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतील जगभरच्या चर्चांच्या समूहाची, ती सदस्य आहे, त्या कम्युनियनने सुवार्ताकार्याच्या (चर्चने जगात करायच्या कामाच्या) ज्या पाच खुणा मानल्या त्यांत गरजवंताची प्रेमाने सेवा करणे ही एक खूण आहे आणि सृष्टीची अखंडता जपणे ही दुसरी. ही शेवटची खूण १९९० मध्ये जोडली गेली. आपल्याकडे या दोन गोष्टींची बहुधा वेगवेगळ्या रविवारी चर्चा होते, गरिबांसाठी एक दानपेटी आणि पर्यावरणासाठी आवारात एक रोप. मागच्या खोलीत मात्र दोन्ही एकाच टेबलावर येतात, कारण जी वस्तू खरोखर कोणाच्या वापरात जाते तीच कचऱ्यात जाण्यापासून वाचते. न वापरण्याजोगे दान दिले तर गरिबाचाही उपयोग होत नाही आणि मातीचाही.

मातीचा उल्लेख मी मुद्दाम करते. आमच्या पिशव्यांत सर्वाधिक काय असते तर कपडे. एका सुती टी-शर्टमागे सुमारे २,७०० लिटर पाणी लागते, असा अंदाज नेहमी दिला जातो. आपल्या विदर्भातला कापूस बहुतांशी कोरडवाहू असल्यामुळे त्यातले बरेचसे पाणी पावसाचे असते, आणि तो पाऊस वेळेवर आला नाही तर त्याची किंमत शेतकरी मोजतो. ज्या शहरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली, ज्या शहराबाहेर तासाभराच्या अंतरावर पांढरी फुटलेली बोंडे दिसतात, तेथील माणसाने तरी सुती कापड चार वेळा घालून फेकू नये, असे मला मनापासून वाटते. फेकलेले कापड भांडेवाडीच्या डम्पिंग यार्डात जाते. ढिगाखाली हवेविना कुजणाऱ्या सुती कापडातून मिथेन वायू तयार होतो. पॉलिएस्टर तर कुजतही नाही. उन्हाळ्यात त्या ढिगांना आगी लागतात आणि धूर पूर्व नागपुरातल्या वस्त्यांवर पसरतो, म्हणजे पुन्हा त्याच लोकांच्या श्वासात जातो ज्यांना आपण कपडे दान करू म्हणतो. बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात मनुष्याला बागेत ठेवले ते तिची मशागत आणि राखण करण्यासाठी. आपण कारभारी आहोत, मालक नाही, हे आपण प्रार्थनेत म्हणतो. कारभाऱ्याला हिशेब द्यावा लागतो, आणि त्या हिशेबात भांडेवाडीही येते.

म्हणून मला या सेवेतील दुरुस्तीचा कोपरा दाराजवळच्या टेबलाइतकाच महत्त्वाचा वाटतो. दुसऱ्या खोलीत खिडकीखाली एक पायमशीन आहे. शिवणाऱ्या बाई स्वेटरच्या कोपराला आतून ठिगळ लावतात, दप्तराची चेन बदलतात आणि शर्टची झिजलेली कॉलर उसवून, उलटवून पुन्हा बसवतात. हे काम मी फार वर्षांनी पाहिले. माझ्या वडिलांच्या शर्टच्या कॉलरी अशाच उलटवल्या जात आणि त्यानंतर तो शर्ट आणखी दोन वर्षे शाळेत जाई. कॉलर उसवताना बाई ब्लेड वापरत नाहीत, सुईच्या टोकाने एकेक टाका उचलतात. मी विचारले तेव्हा म्हणाल्या की ब्लेडने कापडाचा धागा तुटतो आणि मग उलटवलेली बाजूही टिकत नाही. विरलेल्या सुती साड्या त्या परत करत नाहीत, आधी विचारून ठेवून घेतात, आणि महिला संघाच्या जणी त्यांचे थर लावून धावदोऱ्याने गोधड्या शिवतात. या गोधड्या हिवाळ्यात मेडिकल आणि मेयो रुग्णालयांच्या आवारात जातात. तेथे गडचिरोली, बालाघाट, छिंदवाड्याहून आलेले रुग्णांचे नातेवाईक डिसेंबरच्या थंडीतही उघड्यावर निजलेले असतात. सासूबाईंच्या सहा साड्या अशा एका गोधडीत गेल्या आहेत. त्यांची निळ्या काठाची साडी मी वरच्या थराला घालायला सांगितली.

निवृत्त फिटरकाकांकडे कुकर, इस्त्री, गॅसची शेगडी आणि पंखे असतात. ते प्रत्येक कुकरला शिटी येईपर्यंत चालवून पाहतात आणि त्याशिवाय तो पुढे देत नाहीत.

घेणाऱ्यांसाठी मांडणी दुकानासारखी आहे : कपडे हँगरला, भांडी फळीवर, चपलांचे जोड मापाप्रमाणे. नाममात्र किंमत घेण्याला माझा सुरुवातीला विरोध होता. दान म्हटल्यावर पैसे कशाला, असे मी काकूंना स्पष्ट विचारले. त्यांनी उत्तर न देता मला तासभर फळीशी उभे राहायला सांगितले. चार घरी भांडी घासणाऱ्या एक ताई आल्या. त्यांनी माझ्याच दोन कुकरपैकी मोठा उचलला, झाकण उघडून रबरी रिंग बोटाने दाबून पाहिली, शिटी हलवून पाहिली, बूड बसले आहे का म्हणून तो फरशीवर ठेवून फिरवला, आणि शेवटी म्हणाल्या, “हा नाही, लहान द्या. आमचे चार माणसे आहेत, मोठ्याला गॅस जास्त लागते.” चाळीस रुपये दिले आणि गेल्या. नको म्हणण्याचा अधिकार त्यांच्याकडे होता, कारण त्या विकत घेत होत्या. माझ्या हातून फुकट मिळाला असता तर त्यांनी मोठा कुकर मुकाट्याने नेला असता, आणि तो त्यांच्या घरात तसाच पडून राहिला असता जसा माझ्या घरात होता.

आणखी दोन गोष्टींसाठी मी या मंडळीचे आभार मानते. तेथे कोणाचाही फोटो काढला जात नाही, देणाऱ्याचा नाही आणि घेणाऱ्याचाही नाही. उजवा हात काय करतो ते डाव्या हाताला कळू नये, ही शिकवण निदान या खोलीत तरी पाळली जाते. शिवाय येणाऱ्याला धर्म किंवा जात विचारली जात नाही आणि पिशवीत कोणते पत्रक घातले जात नाही. आजच्या वातावरणात हे स्पष्टपणे नोंदवणे मला आवश्यक वाटते.

उणिवा आहेत, आणि त्या मी तेथेही बोलून दाखवल्या आहेत. सर्वांत मोठी उणीव वेळेची. नागपूरच्या एप्रिल-मे महिन्यांत दुपारी तीन वाजता पारा ४३-४४ अंशांवर असतो. घरकाम करणाऱ्या बाया त्या वेळी दुसऱ्या घरी कामावर असतात किंवा उन्हापायी बाहेर पडत नाहीत. ज्यांच्यासाठी ही सेवा आहे त्यांना संध्याकाळी सहा ते आठ सोयीचे पडेल. देणारे आम्ही, गाडीतून येणारे, आमच्या सोयीने ही वेळ ठरली आहे आणि ती बदलली पाहिजे.

दुसरी उणीव इलेक्ट्रॉनिक वस्तूंची. जुने मोबाईल, चार्जर, बंद पडलेले मिक्सर आणि बॅटऱ्या एका खोक्यात एकत्र साठत राहतात, कारण कोणाला नाही म्हणवत नाही. टेबलावरची शिस्त येथे सुटते. हे खोके भरल्यावर कबाड्याकडे गेले तर तांब्यासाठी तारा जाळल्या जाण्याची भीती असते, आणि तो धूर जाळणाऱ्या पोराच्याच छातीत जातो. २०२२चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. अशा वस्तू नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच जायला हव्यात. मंडळीने एकतर तसा करार करावा किंवा या वस्तू सरळ नाकाराव्यात. पुस्तकांच्या बाबतीतही थोडी कठोरता हवी आहे. बदललेल्या अभ्यासक्रमाची पाठ्यपुस्तके आणि पाने भरलेली गाईडे मुलांच्या कामाची नसतात, त्यांनी फक्त फळी अडते. मोठ्या फर्निचरला जागा नाही, हे मात्र मी उणीव मानत नाही. दोन खोल्यांत ते शक्यही नाही. आमचा दिवाण आम्ही शेवटी सहाशे रुपये देऊन छोट्या हत्तीने गोधनीला एका ओळखीच्या कुटुंबाकडे पोहोचवला.

जाण्याचा विचार करणाऱ्यांना अनुभवावरून एक सांगते. मी पहिल्या दोन शनिवारी एकदम पुष्कळ नेले आणि ते चुकले, कारण घाईत निवड होत नाही. नंतर मी मंडळीतल्या काहींप्रमाणे लेंटच्या चाळीस दिवसांत रोज एक वस्तू बाजूला काढू लागले. एकेक वस्तू हातात घेतली की तिच्याकडे नीट पाहणे होते : ही कधी घेतली, का घेतली, कोणी दिली, किती वेळा वापरली. या प्रश्नांनी माझी खरेदी थांबली, जी पिशव्या भरून देऊन थांबली नव्हती. पहिल्या आठवड्यात आलमारी रिकामी झाल्यावर मी सीताबर्डीहून सामान नीट लावण्यासाठी प्लास्टिकचे सहा डबे आणले होते. त्यांतले चार न वापरताच मागच्या खोलीत गेले. घर रिकामे करण्यासाठी नवे प्लास्टिक विकत घेणे हे दानही नाही आणि सृष्टीची राखणही नाही, हे मला त्या टेबलावर ते डबे ठेवताना कळले. ईस्टरपर्यंतच्या माझ्या वहीतल्या नोंदीप्रमाणे ११४ वस्तू गेल्या, २३ परत आल्या. परत आलेल्यांपैकी बहुतेकांची मी पायपुसणी आणि पोतेरी केली.

खोलीच्या बाहेर एक फळा आहे, त्यावर दर आठवड्याला काय हवे आणि काय नको ते लिहिलेले असते. जाण्यापूर्वी त्याचा फोटो कोणाकडून तरी मागवून घ्यावा आणि त्याप्रमाणेच पिशवी भरावी. गेल्या शनिवारी त्यावर लिहिले होते : दप्तरे, कंपासपेट्या, झाकण घट्ट बसणारे स्टीलचे डबे, लहान मुलांचे रेनकोट, आणि खाली, स्वेटर सध्या नकोत, जागा नाही. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटी उघडतात, त्यामुळे अजून काही शनिवार हातात आहेत. दप्तरे शक्यतो त्यांतल्या पहिल्या दोन आठवड्यांत न्यावीत, कारण जवळजवळ प्रत्येकाची चेन बदलावी लागते आणि मशीन एकच आहे.